विकतचा शेक

कर्वेनगरच्या त्या सोसायटीत ओव्हाळ सिस्टरांना न घाबरणारा माणूस एकच होता, तो म्हणजे वॉचमन. कारण त्याला ऐकू कमी येई. बाकीचे सगळे कधी ना कधी त्यांच्या तोंडून सोलून निघाले होते. लिफ्टमध्ये हळदीचे गुण सांगू लागलेल्या सेक्रेटरींना त्या म्हणाल्या होत्या, "एवढं असतं तर आमचं हॉस्पिटल मसाल्याच्या दुकानात भरलं असतं. कितवा मजला तुमचा?"

चंद्रभागा ओव्हाळ, वय सदुसष्ट. सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षं नोकरी, त्यातली सत्तावीस जळीत वॉर्डात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी लोक त्यांना सिस्टरच म्हणत, आणि त्याही कोणाला दुरुस्त करत नसत. बुटक्या, ताठ, केस अजून वॉर्डातल्यासारखे घट्ट वर बांधलेले. रविवारी सकाळी पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जात. तेवढे दोन तास त्यांचं तोंड बंद असे, असं सोसायटीत म्हणत.

ही जीभ जन्माची नव्हती. ती वॉर्डात तयार झाली. तिथं पट्टी बदलताना रडणाऱ्या माणसाबरोबर रडून भागत नसे. त्याला राग आणावा लागे, म्हणजे तो हात हलवी. शिवाय तिथं सगळेच खोटं बोलत. सिस्टर नव्या होत्या त्या वर्षांत दाखल होणारी प्रत्येक बाई एकच वाक्य म्हणे, "स्टो भडकला." पलंगाशी नवरा उभा असे, सासू उभी असे, आणि बाई त्यांच्याकडे बघत बघत हे वाक्य म्हणे. पुढे पुढे सिस्टरांनी वाक्य ऐकणं सोडलं आणि कातडी वाचायला घेतली. गरम पाणी सांडलं तर भाजल्याची खूण ओघळत खाली जाते. ज्वाळेची खूण वर चढते. तापलेल्या लोखंडाला कड असते. माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांनी तेव्हा ठरवलं आणि घरीदारी पाळलं.

त्यांचे यजमान संभाजीराव याच्या बरोबर उलट. कमी बोलणारे, सगळ्याला 'बरं' म्हणणारे. कात्रजकडच्या एका दुधाच्या शीतगृहात त्यांनी एकतीस वर्षं क्रेट मोजले. भर मे महिन्यात जाड जाकीट घालून आत जायचं आणि पापण्यांवर दहिवर घेऊन बाहेर यायचं. नोकरी सुटली तरी ती थंडी काही घरी जायला तयार नव्हती. ते पंख्याखाली बसत नसत. चैत्रातही पायांत मोजे. बारा वर्षांपासून साखर होती, तिची गोळी ते न चुकता घेत, आणि न चुकता दुपारी एक बेसनाचा लाडूही घेत, जो सिस्टरांना माहीत नाही असं त्यांना वाटे.

त्या डिसेंबरात एक गंमत दोनदा झाली. सकाळी दूध घेऊन संभाजीराव वर आले तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती. मागोमाग वॉचमन ती हातात घेऊन आला. "काका, खाली पार्किंगमध्ये राहिली."

संभाजीरावांनी पायाकडे पाहिलं. त्यांनाही तेव्हाच कळलं.

"आज चप्पल विसरून आलात," सिस्टर म्हणाल्या, "उद्या पाय विसरून याल."

वॉचमन हसला, तेवढं मात्र त्याला ऐकू आलं. संभाजीरावही हसले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं, तेव्हा सिस्टरांची नजर पायावर पडताच ते परत खाली जाऊन गुपचूप चप्पल घेऊन आले.

जानेवारीत मुलगा सुदर्शन एक मोठं खोकं घेऊन आला. तो आयटीत होता, बाणेरला राहायचा आणि दर दोन महिन्यांनी आईवडिलांच्या तब्येतीची त्याला एकदम आठवण व्हायची. मागच्या खेपेला त्याने पाणी अल्कलाइन करणारा जग आणला होता; सिस्टर त्यात कोथिंबीर ठेवत. या वेळी खोक्यातून लाकडी चौकट निघाली, तिच्यात चार मोठे तांबडे दिवे, पुढे जाळी, आणि वरून टाकायचा कापडी तंबू.

"हे काय, गणपतीचं डेकोरेशन?" सिस्टरांनी विचारलं.

"आई, सॉना आहे. निअर इन्फ्रारेड. वाफवालं नाही हां. ह्याची हीट डायरेक्ट आत जाते, टिश्यूपर्यंत. पप्पांच्या गुडघ्यांसाठी बेस्ट. डिटॉक्स पण होतं."

"कसलं?"

"म्हणजे टॉक्सिन्स, घामावाटे..."

"कुठलं टॉक्सिन? नाव सांग."

सुदर्शनने मोबाइल काढला. त्यात एक पिळदार माणूस तांबड्या उजेडात डोळे मिटून बसला होता आणि आपण रोज सकाळी नव्याने जन्मतो असं इंग्रजीत सांगत होता. सिस्टरांनी तो अर्धा मिनिट पाहिला.

"सत्तावीस वर्षं मी भाजलेली माणसं पाहिली, सुदर्शन. विकत घेऊन भाजलेलं त्यांत एकही नव्हतं."

"आई, प्लीज. सेफ आहे. बुकलेट वाच ना तू."

"तूच वाच. आणि पोल्ट्रीत जाऊन ये एकदा. पिल्लांना असाच तांबडा दिवा लावतात. ती निदान पुढं अंडी तरी देतात."

संभाजीराव कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. सुदर्शनने चाचणी म्हणून दिवे लावले आणि खोलीभर तो तांबूस, दाट उजेड पसरला, हिवाळ्यातलं ऊन भिंतीवर चार वाजता उतरतं तसा. संभाजीरावांनी नकळत दोन्ही तळहात पुढे केले. सिस्टरांनी ते पाहिलं आणि नजर वळवली.

वायरिंगसाठी मंडईजवळचे अमीन वायरमन आले. साठीचे, कानावर पेन्सिल, उजव्या हाताची कातडी मनगटापर्यंत गुळगुळीत आणि चकचकीत. दारातच थबकले.

"सिस्टर! जळीत वॉर्ड. ओळखलंत?"

सिस्टरांनी चेहऱ्याकडे न बघता हाताकडे पाहिलं. "पॅनेल उडालं होतं. हातमोजे न घालता आत हात घातला होतात."

"तुमच्यामुळं बोटं मिटतात बघा आज." अमीनभाईंनी मूठ वळून दाखवली.

"माझ्यामुळं नाही. मी ओरडायचे, आणि तुम्ही घाबरून व्यायाम करायचात."

ते हसले आणि कामाला लागले. सुदर्शनला यंत्र बाथरूममध्ये हवं होतं, म्हणजे घाम आला की लगेच शॉवर. वीज टीव्हीमागच्या एक्स्टेन्शन बोर्डावरून आणायची त्याची योजना होती.

"साहेब, कितवी शिकलात?" अमीनभाईंनी अदबीने विचारलं.

"बीई. का?"

"काही नाही. शिकलेल्या माणसालाच असं सुचतं. ह्या बोर्डावर मोबाइल चार्ज करतात. हे चार दिवे मिळून हजार वॉट. वायर आतल्या आत वितळेल आणि तुम्हाला वास आला की कळेल. आणि बाथरूमचं तर नावच काढू नका. तापलेल्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला की फटाका." त्यांनी मागच्या कोरड्या खोलीत वेगळा जाड वायरीचा पॉइंट काढला, अर्थिंग तपासलं, झटका बसायच्या आत वीज तोडणारा स्विच बसवला. जाळी हलवून पाहिली, तंबूचं कापड दिव्यापासून लांब बांधलं. मग हत्यारं पिशवीत भरताना हळूच म्हणाले, "सिस्टर, वायरीचं मी बघितलं. माणसाचं तुम्ही बघा."

"मी ह्या तमाशात नाही," सिस्टर म्हणाल्या. "ज्याला भाजून घ्यायचंय त्याने घ्यावं."

तरी त्यांनी एक प्रश्न विचारला. शेंगा सोलता सोलता, मान वर न करता. "अहो, पायांना लागतं ना सगळं? बधिर वगैरे नाही ना? साखरेच्या माणसाला भाजलेलं कळत नाही, आणि मग पाय जातो. शेकडो बघितलेत मी."

"लागतं की," संभाजीराव म्हणाले.

आयुष्यभर कोणाच्या तोंडावर विश्वास न ठेवलेल्या बाईने त्या दिवशी ठेवला. त्यांना मुलाशी भांडायचं होतं. नवऱ्याचा मोजा काढून बघायचा नव्हता. बुकलेट त्यांनी न उघडता मसाल्याच्या ड्रॉवरमध्ये खाली अंथरलं, तिथं हिंगाची डबी सांडायची.

पहिल्या दोन शनिवारी सुदर्शनने वडिलांना स्वतः बसवलं. दिव्यांपासून दीड हात लांब, दहा मिनिटं, आधी पाणी, अंगावर घड्याळ नाही, साखळी नाही, डोळे मिटलेले. पोरगं तेवढं वाचून आलं होतं. सिस्टर मधूनमधून दारात येत.

"पापड झाले का? उलटा आता."

किंवा, "टॉक्सिन निघालं की मला हाक मारा. बघायचं राहिलंय आयुष्यात."

सोसायटीतल्या शेफालीबाई यंत्र पाहायला आल्या, तर सिस्टर म्हणाल्या, "बघा ना. तंदूर घेतलाय. जुनं माणूस आत ठेवलं की नवं निघतं म्हणतात. आमचं अजून कच्चंच आहे." शेफालीबाई हसत सुटल्या. तंबूच्या आत संभाजीरावांना सगळं ऐकू येत होतं. तिसऱ्या आठवड्यात सुदर्शनला कामामुळे जमलं नाही, आणि संभाजीरावांनी यंत्राचं नाव काढलं नाही. यंत्र कोपऱ्यात उभं राहिलं. सिस्टरांनी त्यावर टॉवेल वाळत घातला आणि जिंकल्यासारखं वाटून घेतलं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी त्या धुणं टाकत होत्या. डाव्या पायाचा एक मोजा पावलापाशी कडक झाला होता. पापुद्र्यासारखा. त्यांनी तो नाकाशी नेला. बामचा उग्र वास, आणि त्याखाली दुसरा. तो वास त्यांनी नऊ वर्षांत घेतला नव्हता, पण ओळखायला एक श्वास पुरला.

"पाय दाखवा."

"काही नाही गं. बादलीतलं गरम पाणी सांडलं. परवा."

"दाखवा."

संभाजीरावांनी पाय पुढे केला. चवड्यावर पुरीएवढा फोड, फुटलेला. करंगळीकडची कड काळसर. सिस्टर जमिनीवर बसल्या आणि त्यांनी वाचलं. ओघळ नव्हता. पाणी बोटांच्या फटींत शिरतं, तिथलं कातडं शाबूत होतं. खूण गोल होती, एका जागी, शांतपणे, बराच वेळ भाजल्यासारखी. त्यांनी फोडाची कड बोटाने दाबली. संभाजीराव खिडकीबाहेर बघत होते, तसेच बघत राहिले.

सिस्टरांनी कापसाची वात केली. "डोळे मिटा. लागलं की सांगा."

त्यांनी अंगठ्यावर वात फिरवली, मग तळव्यावर, मग घोट्यापर्यंत. समोरच्या इमारतीत कोणीतरी खोबरं खवत होतं, त्याची खरखर स्पष्ट ऐकू येत होती.

"सुरू कर की," संभाजीराव डोळे मिटूनच म्हणाले.

सिस्टरांनी वात खाली ठेवली. पार्किंगमधली चप्पल त्यांना आठवली. एकदा नाही, दोनदा. प्रशिक्षणाला आलेली पहिल्या वर्षाची पोरगीसुद्धा ओळखेल अशी खूण, आणि त्यांनी तिच्यावर कोटी केली होती.

"केव्हापासून?"

"झालं की वर्ष." मग डोळे मिटलेलेच ठेवून, "पाय गार पडतात गं. बर्फात ठेवल्यासारखे. उन्हाळ्यातसुद्धा. त्या दिव्यासमोर पाठीला इतकं बरं वाटायचं. म्हटलं, पायांनाही मिळू दे. तू विहारात गेलीस की बसायचो. दोन रविवार पाट घेऊन पाय वर ठेवले. आई तुला बाळंतपणात शेगडीपुढं बसवायची ना, अंगाला तेल लावून? शेक लागला की पाय मागं घ्यायचा. तसंच करणार होतो. बाम चोळला. शेक लागला की काढीन म्हटलं. लागेचना. मग आणखी जवळ नेला."

"मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी डोळे उघडले. त्यांत तक्रार नव्हती. "तू काय म्हणाली असतीस?"

सिस्टरांना ते वाक्य ठाऊक होतं. आत्ताही ते जिभेवर तयार होतं, धारदार, वॉचमनलाही ऐकू जाईल असं. त्या वॉर्डातल्या पलंगांशी उभ्या राहिलेल्या माणसांचे चेहरे त्यांना दिसले, ज्यांच्याकडे बघत बायका 'स्टो भडकला' म्हणायच्या. आजवर त्या कायम पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या.

वाक्य त्यांनी गिळलं. त्यांना ते जमतं हे घरात कोणालाच, त्यांनाही, माहीत नव्हतं.

डॉक्टर तरुण होता. पाय बघून आधी संभाजीरावांना बोलला, मग कोपऱ्यात उभ्या सुदर्शनला, आणि घरात नर्स असून असं झालं हे ऐकल्यावर त्याने सिस्टरांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर त्यांनी स्वतः हजारो नातेवाइकांना दिली होती. "करंगळीचं सांगता येत नाही," तो म्हणाला. "काळं वर सरकलं तर काढावी लागेल."

पुढचे सात आठवडे सिस्टरांनी रोज सकाळी पट्टी बदलली. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. रोज त्या काळ्या कडेला पेनाने बारीक रेघ मारत आणि दुसऱ्या दिवशी कड रेघेच्या अलीकडे आहे की पलीकडे ते बघत. लाडवांचा डबा सेक्रेटरींच्या घरी पोहोचता झाला. "हळद घालून खा," एवढं मात्र त्यांनी म्हटलंच. रविवारी विहारात जाणं बंद झालं. वंदना त्या पट्टीचं पाणी उकळताना म्हणत. चौथ्या आठवड्यात कड रेघेवरच थांबली. सहाव्यात काळी खपली सुटली आणि खाली गुलाबी, बाळाच्या ओठांसारखी कातडी दिसली. सिस्टर उठून बाथरूममध्ये गेल्या आणि नळ मोठा सोडून बराच वेळ हात धूत राहिल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी ड्रॉवरमधून बुकलेट काढलं. हिंगाचा वास मारणारी ती बारा पानं त्यांनी चष्मा लावून वाचली. मराठी भाग कोणत्या तरी यंत्राने केला होता. 'वापरकर्ता स्वतःला एकटा ठेवू नये.' 'मधुमेही पाय उष्णता कळवत नाही, डॉक्टरला विचारणे.' 'मलम, तेल लावून बसणे प्रतिबंधित असे.' 'वापरकर्त्याने झोप येऊ देऊ नये.'

"बुकलेटची भाषा भिकार आहे," त्या सुदर्शनला फोनवर म्हणाल्या, "पण तुझ्या आईपेक्षा शहाणं आहे. त्याने निदान सांगितलं तरी."

"आई, मी ते ऑनलाइन विकून टाकतो. सॉरी."

"आणि दुसऱ्या कोणाचा पाय भाजू? राहू दे तिथंच."

पाय पूर्ण भरल्यावर त्यांनी डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, गुडघे बरे होतील असं मी म्हणणार नाही. पण रक्तदाब ठीक आहे, नुसती ऊब हवी असेल तर पाठीला पाचेक मिनिटं चालेल. गुडघ्याखालचं सगळं बाहेर. आणि एकटं मुळीच नाही.

दुपारचे चार. मागच्या खोलीत चौकट भिंतीशी उभी होती. सिस्टरांनी टॉवेल काढला, दिव्यांपासूनचं अंतर टेपने मोजलं, संभाजीरावांना पाणी पाजलं. गळ्यातली साखळी काढली, पाठीवर हात फिरवून बाम नाही ना ते पाहिलं आणि त्यांना दिव्यांकडे पाठ करून बसवलं. तंबूची पुढची बाजू उघडी ठेवून पाय लांब बाहेर काढले, चादरीखाली. मग स्वतःच्या बांगड्या उतरवल्या, शेजारी स्टूल घेतलं, दिव्यांकडे न बघता बसल्या आणि आपला उघडा उजवा हात नवऱ्याच्या पाठीला लागून, दिव्यासमोर धरला. पूर्वी बाळाचं पाणी कोपराने बघायच्या, तसा.

"हे कशाला?" संभाजीरावांनी विचारलं.

"तुमची कातडी खोटं बोलते. माझी नाही."

दिवे लागले. तांबूस उजेड त्यांच्या हातावरच्या जुन्या डागांवर, नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीवर सारखाच पसरला. संभाजीरावांचे खांदे हळूहळू खाली आले. एकतीस वर्षांचं जाकीट कोणीतरी मागून काढून घ्यावं तसे.

"टॉक्सिन निघतंय का गं?" त्यांनी डोळे मिटून विचारलं.

"निघतंय. तोंडातून. गप्प बसा."

घड्याळाचा काटा चौथ्या मिनिटावर गेला. सिस्टरांच्या मनगटावर ऊब होती, ती बोचू लागली.

"उठा. सावकाश. झालं."

"मला अजून काहीच लागलं नाही."

"मला लागलं," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी बटण बंद केलं.